लावण्याआधी बघ

तू मुंबईची नोकरी सोडून घरी आलास. होडीही बघणार आणि वरची कलमंही बघणार म्हणतोस. म्हणून हे लिहून ठेवतोय. तोंडी सांगितलेलं अर्धं वाऱ्यावर जातं, आणि मी आता रोज तुझ्याबरोबर बंदरावर येऊ शकत नाही.

माझ्या वडिलांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. हातातलं हत्यार वेगळं आणि लावून ठेवलेलं हत्यार वेगळं. गरी तुझ्या हातात असते. पाग तू फेकतोस आणि तूच ओढतोस. काय आलं ते बघतोस, नको ते परत सोडतोस. पण फासकी लावून तू घरी येऊन झोपतोस. विष पाण्यात कालवलंस की ते तुझं ऐकत नाही. तिथे कोण येणार, केवढं येणार, पोटात काय घेऊन येणार, हे ठरवायचं तुझ्या हातात राहत नाही. सरकारचे कायदे मी नंतर वाचले, तेव्हा लक्षात आलं की बंदी घातलेल्यांत अशी लावून ठेवलेली हत्यारं बरीच आहेत. कायद्याच्या कलमांचे आकडे विसरलास तरी चालेल, एवढा फरक विसरू नकोस.

हे मी फुकट शिकलो नाही. चौदा वर्षांचा होतो. मे महिन्यात नदीचं पाणी आटून कोंडी उरल्या होत्या. आम्ही पाचसहा पोरांनी गेळाची फळं ठेचली, पोत्यात भरली आणि एका कोंडीत तुडवली. थोड्या वेळात मासे वर यायला लागले, आडवे, तोंड उघडून. आम्ही नाचलो. टोपली भरली, दुसरी भरली. मग पाणी जरा निवळलं आणि तळ दिसला. नखाएवढी पिल्लं, कोळंबीची पारदर्शक पोरं, दोन खेकडे पाय आवळून, एक वाम अजून वळवळत होती. आम्ही नेलं त्याच्या कितीतरी पट तळाशी मरून पडलं होतं. आजीने टोपली बघितली आणि चूल पेटवली नाही. बोलली काहीच नाही. पुढची दोन वर्षं त्या कोंडीत कोणाच्या गरीला काही लागलं नाही.

आता गेळ ठेचायचे कष्ट कोणी घेत नाही. ब्लीचिंग पावडरची पिशवी मिळते, शेतावरचं औषध मिळतं, खाणीवरची जिलेटीनची कांडी मिळते. पाण्यात विष घालणं आणि स्फोट करणं हे दोन्ही गुन्हे 1897 च्या भारतीय मत्स्यपालन कायद्यापासून आहेत. म्हणजे माझ्या आजाच्याही आधीपासून. त्यात मारायच्या इराद्याने टाकलंस एवढंच पुरतं, मासा हाती लागला की नाही हा प्रश्नच येत नाही. आणि जिलेटीन हाताळताना बोटं गेलेली, डोळा गेलेला माणूस मी बघितला आहे. तसले मासे कोणी स्वस्तात आणून दिले तर घेऊ नकोस. स्फोटाने मेलेल्या माशाचं पोट आतून फाटतं, काटा मोडतो, साफ करताना हाताला कळतं.

चढणीचे मासे आपल्याकडे सगळेच पकडतात. पहिला पाऊस जोरात लागला की वहाळातून, शेताच्या बांधावरून मासा वर चढतो, तो अंडी घालायला. मलाही ते आवडतात, खोटं कशाला बोलू. पण वहाळ दोन्ही काठांपर्यंत कधी अडवू नकोस. एका बाजूला हातभर तरी वाट मोकळी ठेव. आमच्या वाडीत असा नियम होता आणि तो कुठे लिहिलेला नव्हता.

आता समुद्राचं. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचं पाणी राज्याचं, आणि तिथे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 लागू. 2021 मध्ये तो बदलला आणि दात आले त्याला. पूर्वी प्रकरण तहसीलदाराकडे जायचं, तारखांवर तारखा पडायच्या. आता मत्स्यव्यवसाय खात्याचे सहायक आयुक्त निकाल देतात. एलईडी दिवे लावून किंवा दोन बोटींमध्ये एक जाळं ओढून मासेमारी केली तर दंड 5 लाखांपासून 20 लाखांपर्यंत. आपल्यासारख्याची होडी विकून तो भरता येणार नाही. शिवाय जानेवारी 2025 पासून किनाऱ्यावर ड्रोन फिरतात. रात्रीच्या काळोखात दहा मैलांवर आपण एकटे आहोत असं कोणाला वाटत असेल तर ते दिवस गेले.

एलईडीवर केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्येच बंदी घातली. तरी तुला बंदरावर कोणीतरी सांगेल, जनरेटर बसव, एका रात्रीत वर्षाची कमाई. मी तो उजेड लांबून बघितला आहे. काळोखात समुद्रावर गाव वसल्यासारखं दिसतं. त्या उजेडाखाली बांगडा येतो, तारली येते, त्यांची पोरंही येतात, आणि त्यांना खायला मोठे मासेही येतात. सगळं एका वाटोळ्यात. आजूबाजूच्या दहा डोल्या आणि वावऱ्या त्या रात्री रिकाम्या येतात. भांडणं मग बंदरावर होतात, मिरकरवाड्यापासून साखरीनाट्यापर्यंत. पर्ससीनवाल्यांनाही 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने राज्याच्या पाण्यात सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने दिलेले आहेत. त्यांच्यातही आपलीच माणसं आहेत, कर्ज काढून बोट घेतलेली. त्यांच्याशी वैर धरू नकोस. पण मुदतीबाहेर कोणी खलाशी म्हणून बोलावलं तर जाऊ नकोस. धाड पडली की मालक घरी असतो आणि सापडतो तो बोटीवरचा माणूस.

पावसाळी बंदी 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. यांत्रिक होडी बाहेर काढायची नाही. तरी दर मे महिन्यात त्या वर्षीचा आदेश स्वतः वाच, दुसऱ्याच्या मोबाइलवर आलेल्या मजकुरावर जाऊ नकोस. पूर्वी आपल्याकडे नारळी पौर्णिमा किंवा 15 ऑगस्ट, यांतलं जे आधी येईल तिथपर्यंत बंदी असायची. माझं मत विचारशील तर आजही समुद्राला नारळ दिल्याशिवाय जाऊ नये. यात देवाची भीती आहेच, मी ती नाकारत नाही. पण त्या दिवसांत मासळीची पोटं चिरून बघ. गाबोळीने तट्ट भरलेली असतात. एक पोट चिरलंस की पुढच्या मोसमाचा केवढा मासा चुलीत गेला ते मोजता येणार नाही. आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातला दर्या कसा उसळतो, हे भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी उभा राहून एकदा बघ.

पापलेटचं वेगळं सांगतो. आपला सरंगा 2023 मध्ये राज्यमासा झाला. त्याच वर्षी 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरली. त्याहून लहान पकडायचाही नाही, विकायचाही नाही. सरंग्याची लांबी 135 मिलिमीटर. होडीवर फूटपट्टी कुठे शोधणार? दोन्ही हातांची चारचार बोटं शेजारी शेजारी ठेव, अंगठे सोडून. माझ्या हाताची आठ बोटं साधारण 150 मिलिमीटर भरतात. तू तुझी मोजून घे, आणि मासा आठ बोटांच्या आत राहिला तर जिवंत असेपर्यंत सोडून दे. मेलेला सोडून काय उपयोग, असं खलाशी म्हणतील आणि ते खरं आहे. म्हणूनच आधी जाळं बघायचं. ट्रॉलच्या जाळ्याचं मागचं टोक चौकोनी आसाचं, 40 मिलिमीटरचं घ्यायला सांगतात त्याचं कारण ओढून बघितल्याशिवाय कळत नाही. साध्या जाळ्याचा तुकडा दोन्ही हातांनी ताण. त्याची भोकं मिटतात, पोर बाहेर पडू शकत नाही. चौकोनी आस ताणलं तरी उघडं राहतं. दुकानदार बारीक आसाचं जाळं पुढे करील, दोन पैसे कमी सांगील. घेऊ नकोस.

जाळ्यात कासव आलं तर जाळं काप. हात थरथरेल, कारण जाळ्याला हजारो रुपये पडलेले असतात. पण कासव, डॉल्फिन, देवमासा, बहिरी (व्हेल शार्क) यांना सोडताना जाळं कापावं लागलं तर राज्याकडून 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. खलाशाला फोटो आणि व्हिडिओ काढायला सांग, कासव अडकलेलं आणि पाण्यात सोडलेलं, दोन्ही. बंदरावर आलास की त्याच दिवशी खात्याला कळव. कासवाची अंडी आमच्या लहानपणी वाळू उकरून काढायचे आणि बाजारात विकायचे. मीही खाल्ली आहेत. वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, आणि आज त्याच गावातली माणसं पहाटे किनाऱ्यावर पावलं शोधत फिरतात. जानेवारी 2022 मध्ये वेळासला एका मादी कासवाच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवून तिला सोडलं, तिचं नाव प्रथमा. पिल्लं पाण्याकडे निघतात तेव्हा तुझ्या आईला एकदा घेऊन जा.

आणि किनाऱ्यावर मेणासारखा, उग्र वासाचा गोळा सापडला आणि कोणी म्हणालं ही देवमाशाची उलटी आहे, कोटीला जाते, तर हात लावू नकोस आणि फोनही करू नकोस कोणा गिऱ्हाइकाला. वन खात्याला कळव. तो विकताना पकडली गेलेली पोरं आपल्याच जिल्ह्यातली आहेत, तुझ्या वयाची.

आता वरच्या बागेकडे ये. रानडुक्कर एका रात्रीत भाताचं खाचर नांगरून टाकतं. माझ्या डोळ्यांसमोर वरकस नाचणी गेली आहे, त्यामुळे डुकराचा राग मला कळतो. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दात सापळा लावणं, फासकी लावणं, हाका घालणं, आमिष ठेवणं, नुसता प्रयत्न करणं, अंडी उचलणं, हे सगळं येतं. आणि मांस घरात सापडलं तर ते कायदेशीर आहे हे तुलाच सिद्ध करावं लागतं. म्हणून कोणी काळोखात पानात गुंडाळून काही आणून दिलं तर दारातूनच परत पाठव. नातेवाईक असला तरी. आपल्या घरची बंदूक शेतसंरक्षणाच्या परवान्याची आहे, तो शिकारीचा परवाना नव्हे. नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत वन खात्याकडे अर्ज कर, पंचनामा होऊ दे, फोटो आधीच काढून ठेव. डुकरांचा फारच उपद्रव झाला तर परवानगी वन खात्याकडूनच मिळते, ती मागायला लाज कसली. खवले मांजर तर पहिल्या अनुसूचीतलं, त्यासाठी 3 ते 7 वर्षं शिक्षा आणि किमान 25 हजार दंड. खवल्याने काही बरं होत नाही. ते आपल्या नखासारखंच असतं.

फासकीचं शेवटी सांगायचं ठेवलं होतं. पंधराएक वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या काजूच्या बागेत डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकला. दुचाकीच्या क्लचची तार, गडग्याच्या खिंडीत वीतभर उंचीवर, खुंटाला बांधलेली. ती कमरेत बसली होती. जितका ओढत होता तितकी आत जात होती. वन खात्याची माणसं येईपर्यंत सकाळ झाली, आणि त्याचं गुरगुरणं थांबून नुसता श्वास उरला होता. लावणारा आपल्याच वाडीतला होता. तो तिथे उभा होता, माझ्या शेजारी, आणि त्याला मान वर करता येत नव्हती. बिबट्या वाचला नाही. तारेजवळची माती सगळीकडून नखांनी उकरलेली होती, खुंटाभोवती गोल.

असं काही दिसलं तर जवळ जाऊ नकोस, माणसं जमवू नकोस, 1926 ला फोन कर. रिकामी फासकी दिसली तर फोटो काढ, जागा कळव, आणि काढून टाक. कटर पडवीत खिळ्याला लावलेला आहे.

आपल्या वरच्या गडग्याला खालून मोजलीस तर तिसरी खिंड. तिथे एक जुना खुंट आहे, त्याला तारेचा वळ अजून दिसतो. तो माझ्या हातचा, तुझा बाप लहान होता तेव्हाचा. उपटायचा उपटायचा म्हणत दरवर्षी राहून गेला. पावसाआधी तू तो काढ आणि खिंडीत दोन चिरे बसव.