कच्ची दिसली की काढ

फोटो पाहिला. कुकीज कसल्या, पापड झालेत! बटर मायक्रोवेव्हमध्ये पातळ करून घातलंस ना? आत्याला फोटोवरून कळतं ते. बटर तासभर आधी फ्रिजबाहेर काढायचं. बोटाने दाबलं तर खळी पडावी, पण बोट ओशट होऊन घसरू नये. मे महिन्यात वीस मिनिटंच पुरे.

१०० ग्रॅमची अख्खी वडी घे. आपलं पिवळं बटर खारं असतं, म्हणून वेगळं मीठ नको. ६० ग्रॅम साधी साखर, ८० ग्रॅम ब्राउन शुगर, एक लहान अंडं, १४० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा खायचा सोडा. वाटीने मोजू नकोस, दाबून भरली की मैदा हमखास जास्त जातो. साखरा दोन का, तर साधीने कडा कुरकुरीत होतात आणि ब्राउनमधली काकवी आत ओल धरते. बटर-साखर हातानेच फेस, रंग जरा फिका झाला की थांब. मैदा घातल्यावर मात्र फेटणं बंद. चमच्याने कालव, पांढरं दिसेनासं झालं की पुरे.

चॉकलेटच्या पाकिटावर ‘कंपाउंड’ लिहिलं असेल तर ते परत फळीवर ठेव. त्यात कोकोआ बटरऐवजी वनस्पती तूप असतं, टाळूला मेणासारखं लागतं. डार्क चॉकलेटची वडी आण, सुरीने ओबडधोबड फोड, १२० ग्रॅम तरी घाल. ही चॉकलेट चिप कुकी प्रथम केली ती रूथ वेकफील्ड नावाच्या बाईंनी. १९३०च्या दशकात, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये त्या ‘टोल हाउस’ हॉटेल चालवायच्या. त्यांनीही वडीच फोडून घातली होती. तयार चिप्स चॉकलेटच्या कंपनीने मागाहून काढले. ही कुकी चुकून झाली असं सांगतात, मला ते पटत नाही. बाई गृहशास्त्र शिकलेल्या होत्या, त्यांना काय करतोय ते चांगलं ठाऊक होतं.

लिंबाएवढे गोळे करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेव. मैदा ओल पितो, चव मुरते, गोळे ओव्हनमध्ये पसरतातही कमी. एवढा धीर नसेल तर निदान तासभर. सगळे एकदम भाजायची गरज नाही; उरलेले फ्रीजरमध्ये टाक, पाहुणे आले की चार काढ, मिनिटभर जास्त भाज.

आता खरी गोष्ट. लहानपणी दिवाळीच्या आधी आम्ही नानकटाईचं सामान डब्यात घालून बेकरीत न्यायचो, तिथे मळून भट्टीत भाजून मिळायची. एकदा पत्रा बाहेर आला तेव्हा मी वरच्या एका नानकटाईला बोट लावलं. ते रुतलं. मी ओरडले, “काका, कच्ची आहे!” भट्टीवाल्या काकांनी वरही न पाहता दुसरा पत्रा आत सरकवला. आपला डबा भरायची वेळ येईस्तोवर माझ्या बोटाचा ठसा तसाच राहिला होता, आणि नानकटाई खुटखुटीत. इतकं पाहूनही कुकीजची माझी पहिली खेप मी ‘अजून दोन मिनिटं, अजून दोन मिनिटं’ करत दगड केली.

ओटीजी १८० अंशांवर, दोन्ही कॉइल चालू, पंधरा मिनिटं आधी तापव. मधला कप्पा. गोळ्यांमध्ये चार बोटं अंतर. नवव्या मिनिटापासून काचेसमोरून हलू नकोस. कडा बदामी आणि मधला भाग अजून ओलसर, फुगलेला दिसला की काढ, साधारण अकराव्या मिनिटाला येतो तो क्षण. पाच मिनिटं पत्र्यावरच राहू दे, गरम पत्रा उरलेलं काम करतो. लगेच उचललीस तर मोडेल, आणि मोडलेली आधी तूच खाशील, मला माहीत आहे.

पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भर. दोन दिवसांनी कडक वाटल्या तर डब्यात पावाची एक स्लाइस टाकून झाकण लाव. सकाळी कुकीज मऊ आणि स्लाइस वाळलेली मिळेल. ती टाकू नकोस, तव्यावर तूप सोडून परत आणि चहात बुडव.