चूक इंग्रजीतली, नियम रशियनचा! – मातृभाषा आणि इंग्रजी व्याकरण



इंग्रजीची वही तपासताना आपण चुकीला लाल गोल करतो, शेजारी बरोबर वाक्य लिहितो. पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा हजर! मग 'लक्ष नाही' असा शेरा पडतो. पण वारंवार होणाऱ्या चुकीमागे बऱ्याचदा मातृभाषेचा एखादा पक्का नियम असतो. आपल्याच भाषेचा नियम आपल्या डोळ्यांना चटकन दिसत नाही. म्हणून आज रशियन बोलणारी माणसं इंग्रजी शिकताना कुठे अडखळतात ते बघू आणि मग आपल्या मुलांच्या वहीकडे येऊ.

१) 'इज' कुठे गेला?

'माझा भाऊ डॉक्टर आहे' हे रशियनमध्ये 'मोय ब्रात व्राच' असं होतं. शब्दशः 'माझा भाऊ डॉक्टर'. वर्तमानकाळात 'आहे' म्हणायची गरजच नसते. म्हणून नवशिका रशियन विद्यार्थी 'माय ब्रदर डॉक्टर' म्हणतो. गंमत पुढे आहे. भूतकाळात रशियनमध्ये 'होता' या अर्थाचं क्रियापद येतं. त्यामुळे 'वॉज' त्या मानाने सहज जमतो आणि 'इज' गळतो. निष्काळजीपणा असता तर दोन्ही सारखेच गळले असते ना?

२) 'अ' आणि 'द'

रशियनमध्ये आर्टिकल नाहीत. मग 'कोणीतरी एक' आणि 'तोच तो' हा फरक कसा कळतो? बऱ्याचदा शब्दांच्या क्रमावरून. मराठीतही तसंच आहे. 'मुलगा खोलीत आला' म्हटलं की आधी बोलणं झालेला मुलगा डोळ्यांसमोर येतो. 'खोलीत एक मुलगा आला' म्हटलं की नवा कोणीतरी. रशियनमध्ये 'एक' न लावताही, नुसता क्रम बदलून हे काम होतं. म्हणजे विद्यार्थ्याला फरक कळत असतो. तो छोट्याशा वेगळ्या शब्दाने दाखवायची सवय मात्र त्याला नसते.

३) क्रम बदलला तर?

रशियनमध्ये सहा विभक्ती आहेत. कोण कर्ता आणि कोण कर्म हे शब्दाच्या शेवटावरून कळतं, म्हणून शब्द पुढे-मागे झाले तरी चालतं. आपलंही 'कुत्र्याने मांजराला पाहिलं' आणि 'मांजराला कुत्र्याने पाहिलं' चालतंच की! इंग्रजीत मात्र जागा बदलली की अर्थच उलटतो. 'येस्टरडे केम माय ब्रदर' अशी वाक्यं या सवयीतूनच येतात.

४) दोनदा नकार

'मला काहीच माहीत नाही' याला रशियनमध्ये 'काही नाही' या अर्थाचा शब्द आणि क्रियापदाचा नकार असे दोन्ही लागतात. एक काढला तर वाक्य चुकतं. म्हणून 'आय डोन्ट नो नथिंग' असं इंग्रजी तयार होतं. मराठीतला 'काहीच' हा शब्द स्वतः नकारार्थी नाही. त्यामुळे ही अडचण आपल्या मुलांपेक्षा त्यांना जास्त येते.

५) पाच वर्षांपासून

'मी इथे पाच वर्षं राहतो' यासाठी रशियन साधा वर्तमानकाळ वापरते. त्यातून येतं 'आय लिव्ह हिअर फाइव्ह इयर्स'. आपली मुलं 'राहतोय' मनात धरून 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' लिहितात. इंग्रजीला दोन्ही ठिकाणी 'हॅव' आणि 'फॉर' हवं असतं. जागा एकच, चुका दोन, आणि प्रत्येक चुकीवर आपापल्या भाषेचा शिक्का!

भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ साली एका लेखात मांडलं होतं की, शिकणाऱ्याच्या चुका शिक्षकाला उपयोगी माहिती देतात. मूल कुठवर पोचलंय, हे त्या सांगतात.

अर्थात प्रत्येक चूक मातृभाषेतून येत नाही. 'वेंट'ऐवजी 'गोएड' असं इंग्रजी घरातली लहान मुलंही म्हणतात. तिथे इंग्रजीचाच एक नियम जास्त ताणलेला असतो.

मग वर्गात आणि घरी काय करता येईल?

• एकच चूक तीन-चार वेळा दिसली की मुलाला विचारा, "हे तू घरच्या भाषेत कसं म्हणशील?" उत्तरात बऱ्याचदा चुकीचं मूळ सापडतं.
• फळ्यावर दोन्ही भाषांतली वाक्यं एकाखाली एक लिहा. कोणता शब्द जास्त आहे, कोणता नाही, कोणाची जागा बदलली, हे मुलांनाच शोधू द्या.
• घरची भाषा प्रमाण मराठीच असेल असं धरू नका. अहिराणी, पावरी, गोंडी बोलणाऱ्या मुलाची तुलना त्याच्या भाषेशी करा.
• एका वेळी एकाच प्रकारच्या चुकीवर काम करा. सगळी वही लाल झाली तर मूल लिहायचंच टाळतं.

'माय ब्रदर डॉक्टर' म्हणणाऱ्याला स्वतःच्या भाषेचं व्याकरण पक्कं येत असतं, म्हणूनच तो तसं म्हणतो. आपल्या मुलांचंही तेच आहे. पुढची वही उघडाल तेव्हा शेरा लिहिण्याआधी ते वाक्य एकदा मुलाच्या भाषेत म्हणून बघा. काय सापडलं ते नक्की कळवा.