बँकेचा मेल खरा की खोटा? पत्ता उजवीकडून वाचा

धंदा सुरू केला की करंट अकाउंट आलं, आणि त्याला जोडलेला मेल आयडी आपण बिलावर, कार्डावर, गुगलवर सगळीकडे टाकतो. टाकावाच लागतो. पण तिथूनच तो फसवणाऱ्याच्या हातात जातो.

पुण्याच्या पूना ऑटो अँसिलरीज कंपनीचं उदाहरण बघा. संचालकांनी बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या मेलला उत्तर दिलं आणि पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले. २०१३ मध्ये राज्याच्या आयटी सचिवांनी बँकेला ४५ लाख द्यायचा आदेश दिला, कारण पैसे ज्या खात्यांत गेले त्यांची तपासणी बँकेने नीट केली नव्हती. उरलेला तोटा मात्र तक्रारदाराच्या अंगावर. का? मेलला उत्तर त्यांनी स्वतः दिलं होतं.

आता ओळखायचं कसं? मोबाइलवर मेलमध्ये फक्त नाव दिसतं, आणि नाव कुणीही काहीही ठेवू शकतो. नावावर टॅप करा, म्हणजे खरा पत्ता दिसेल. लिंक असेल तर उघडू नका, बोट दाबून धरा आणि ती कुठे नेते ते वाचा.

वाचायचं कसं, तर आपल्या टपालाच्या पत्त्यासारखं. वडगाव दहा ठिकाणी असतं, शेवटचा जिल्हा बघितल्यावर कळतं नेमकं कुठलं. 'बँकेचं नाव डॉट बँक डॉट इन डॉट केवायसीअपडेट डॉट कॉम' यात बँक फक्त दाखवायला आहे, मालक केवायसीअपडेटवाला. पहिल्या एकेरी तिरप्या रेषेच्या आधी शेवटी काय आहे, तेवढंच खरं. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर यायला सांगितलं होतं. हे शेपूट फक्त बँकांनाच मिळतं.

तरी मेल पाठवणाऱ्याचा पत्तासुद्धा नकली दाखवता येतो, त्यामुळे मी स्वतः मेलमधली लिंक वापरतच नाही. 'खातं आज बंद होणार' असं आलं तरी सरळ बँकेचं ॲप उघडतो. 'स्टेटमेंट' म्हणून आलेली फाइल उघडल्यावर पासवर्ड टाकायचं पान आलं, तर तिथेच थांबायचं. दुकानात हिशोबाला पोरगा असेल तर त्यालाही हे दाखवा. मार्च एंडच्या गडबडीत मेल तोच उघडतो की!

माहिती दिली गेलीच, तर आधी बँकेला आणि १९३० ला फोन. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार पासवर्ड आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून दोन्ही नंबर आत्ताच सेव्ह करा. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या, मेलमधून नको.