सरकून बसायला शिकव

चि. छकुलीस,


भुकूमला बालवाडी सुरू केल्याचं तुझं पत्र पोचलं. गावची मुलं नव्या मुलांना ‘बाहेरची’ म्हणतात, आणि काय करावं ते सुचत नाही, असं तू लिहितेस. पस्तीस वर्षं फळ्यापुढे उभं राहून जे उमगलं, ते सांगते.

आधी माणसं किती वाढली, हा बदल मुलांना हाताने मोजू दे. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ७२ लाख होती, २०११ साली ९४ लाखांवर गेली. पाच वर्षांच्या पोराला लाख काय कळणार? त्याला ताटलीत दहा चिंचोके मांडायला सांग. मग त्याच ताटलीत आणखी तीन. दहा वर्षांत एवढी भर पडली. ताटली तेवढीच राहिली, तरी सगळे मावले. आधीच्यांना थोडं सरकावं लागलं, इतकंच. या तिघांत कुणी इथेच जन्मलेलं, कुणी पोटापाण्यासाठी आलेलं, हेही सांग.

मात्र सरकणाऱ्याचं दुःख झाकू नकोस. ज्याच्या आजोबांच्या भातखाचरावर आज इमारत उभी आहे, त्याला त्या खाचराचं चित्र काढू दे. त्याच्या आजीला वर्गात बोलाव, आंबेमोहराच्या लावणीच्या गोष्टी सांगू दे. मन मोकळं झालं की राग नव्या मुलावर निघत नाही.

आणि गाव सोडावं लागणं तुझ्या भुकूमच्या मुळशी तालुक्याला नवं नाही, हेही मुलांच्या कानी पडू दे. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी इथेच सत्याग्रह केला. तरी धरण झालं, जमिनी पाण्याखाली गेल्या आणि मावळातली माणसं परक्या गावांत बिऱ्हाडं मांडून राहिली. त्यांनाही कुणीतरी सरकून जागा दिलीच असेल.

माझ्या वर्गात एक कानडी मुलगी होती. आईबाप बांधकामावर. महिनाभर ती दप्तर मांडीवर घट्ट धरून दाराशी बसायची. एकदा पाण्याच्या पिंपाशी तिने एका थोरल्या मुलीला हळूच हाक मारली, “अक्का.” ती मुलगी थबकली. तिच्या घरी थोरल्या आत्याला अक्काच म्हणायचे! तो शब्द मराठीत आला कानडीतूनच. दुसऱ्या दिवशी दोघी एका बस्करावर बसल्या. माझ्या महिनाभराच्या उपदेशाने जे झालं नव्हतं, ते त्या एका हाकेने झालं. म्हणून मुलांना एकमेकांचे शब्द गोळा करू दे: आईला काय म्हणता, पाण्याला काय, भाकरीला काय.

शेवटी त्यांना सगळ्यांचं मिळून एक काम दे. रामनदी भुकूमलाच उगम पावते. भूगाव, बावधन, पाषाण करत औंधकडे मुळेला मिळते. माणसं वाढली की सांडपाणी वाढतं, कचरा वाढतो. जुन्या-नव्या मुलांना जोडीने ओढ्याकाठी ने. जे पाणी दोघांचं, ते राखायचंही दोघांनी, हे तिथे सांगावं लागत नाही.

छकुली, मुलं आपल्या बोलण्यापेक्षा आपलं वागणं उचलतात. म्हणून सोमवारी हजेरी घेण्याआधी प्रत्येक नव्या मुलाचं नाव त्याच्याच तोंडून ऐक, आणि अगदी तसंच उच्चार. तिथून सुरुवात कर.

तुझी,
आत्या