कानाला यंत्र आहे, तरी धडा का कळत नाही?

मुलाला श्रवणयंत्र मिळालं की प्रश्न सुटला, असं घरी आणि शाळेतही अनेकांना वाटतं. पण यंत्राची खरी मदत जवळच्या बोलण्याला होते. बाई फळ्याशी, मूल चौथ्या बाकावर, वर पंख्याची घरघर आणि शेजारच्या वर्गात पाढे चाललेले, अशा वेळी यंत्र गोंगाटही मोठा करतं. शिवाय मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. बाईंच्या गळ्याशी छोटा मायक्रोफोन लावून आवाज बिनतारी मार्गाने थेट मुलाच्या यंत्रात पोहोचवता येतो. ही साधनं स्वस्त, टिकाऊ आणि आपल्या वर्गांत चालतील अशी करायला माणसं हवीत. ज्या मुलामुलींना विज्ञानही आवडतं आणि माणसंही, त्यांनी या कामाचा जरूर विचार करावा.

ऐकण्याचा वाचण्याशी घट्ट संबंध आहे. स, श हे बारीक, वरच्या पट्टीतले आवाज अनेक मुलांच्या कानांतून निसटतात. ‘ने’, ‘ला’, ‘चा’ हे प्रत्यय बोलताना हलके उच्चारले जातात आणि तेही सुटतात. मग पुस्तकातलं वाक्य अनोळखी वाटतं. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचता-लिहिताना येणारी अडचण, ही याहून वेगळी. एखाद्या मुलात दोन्ही असू शकतात, म्हणून निदान ऑडिओलॉजिस्ट, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांच्याकडूनच व्हावं. अशी साधनं घडवणाऱ्या डिझायनरने त्यांच्या शेजारी बसूनच काम करावं.

त्यात आपली लिपी. ‘दिवस’मधली वेलांटी लिहिताना द च्या आधी येते, उच्चारात नंतर. ‘सूर्य’मधला र् उच्चारात य च्या आधी, पण कागदावर त्याच्या डोक्यावर. इंग्रजीसाठी बनवलेलं, एकेक अक्षर डावीकडून उजळत जाणारं वाचन-अ‍ॅप इथे मुलाला गोंधळात टाकेल. मराठीत वेलांटीसह अख्खं अक्षर किंवा जोडाक्षर एकदम उजळायला हवं, आवाजही त्याच क्षणी यायला हवा. हे काम मराठीत वाढलेल्या मुलांनी हाती घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

या कामाकडे जाणाऱ्या वाटा अनेक आहेत. बारावीला कोणतीही शाखा असली तरी यूसीड ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात पदवीसाठी प्रयत्न करता येतो. अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन संस्था आहेच. इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणक अभियांत्रिकीतूनही इकडे येता येतं. मुलांसोबत थेट काम करायचं असेल, तर विज्ञान शाखेनंतर बीएएसएलपी ही वाक् आणि श्रवण विषयातली पदवी आहे. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ती शिकवली जाते. पुढे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते.

पालकांचा प्रश्न ठरलेला: नोकरी मिळेल का? ऑडिओलॉजिस्टना रुग्णालयं आणि श्रवण-केंद्रांत काम असतं. निव्वळ अशी साधनं घडवण्याच्या नोकऱ्या मात्र आज थोड्याच आहेत, हे स्पष्ट सांगायला हवं. म्हणून पाया रुंद ठेवा. सर्किट, प्रोग्रॅमिंग, वस्तूची रचना ही कौशल्यं इतर उद्योगांतही चालतात. दुसरीकडे, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेचाही समावेश झाला आहे, त्यामुळे शाळांना या मुलांकडे पाठ फिरवता येणार नाही.

सुरुवात या सुट्टीत करता येईल. जवळच्या विशेष शाळेत परवानगी घेऊन काही दिवस जा, आणि जाताच यंत्र बनवायला बसू नका. मूल आपलं श्रवणयंत्र काढून दप्तरात का टाकतं, ते विचारा. कान खाजत असेल, बॅटरी संपली असेल, घामाने वा पावसाळी दमटपणाने यंत्र बिघडलं असेल, किंवा वर्गातली मुलं टक लावून बघत असतील. प्रत्येक कारणाला उत्तर निराळं. एखादं उत्तर पुठ्ठा, कापड, हाताशी असेल त्यातून करून बघा, मुलाला वापरायला द्या, आणि त्याने काय नाकारलं ते वहीत लिहा. पुढे डिझाइनच्या प्रवेशासाठी काम दाखवायची वेळ आली, तर चकचकीत चित्रांच्या आधी ही वही ठेवा.