केस कापण्याची अनिवार ओढ : भानामती नव्हे, आजार

माझ्या उशाशी कापलेल्या केसांचे पुंजके सापडू लागले, तेव्हा दिग्रसच्या आमच्या गल्लीत एकच शब्द फिरला - भानामती. संशय शेजारच्या म्हाताऱ्या आजींवर आला. केस मीच कापत होते, पण लाजेने गप्प बसले. आजींना जाब विचारायला माणसे निघाली, तेव्हा कुठे आईला खरे सांगितले.

पुढे २०१७ साली उत्तर भारतात वेण्या कापल्या जात असल्याची आवई उठली आणि आग्रा जिल्ह्यात एका वृद्धेचा केवळ संशयावरून जीव घेतला गेला. ती बातमी वाचून मला आमच्या आजीच आठवल्या. म्हणून आज हे लिहिते आहे.

आजार कोणता?

स्वतःचे केस पुन्हा पुन्हा कापण्याच्या या दुर्मिळ विकाराला ‘ट्रायकोटेम्नोमेनिया’ म्हणतात. केस उपटण्याचा ‘ट्रायकोटिलोमेनिया’ त्यापेक्षा अधिक आढळतो. त्याला हे नाव फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ आलोपो यांनी १८८९ साली दिले. उपटण्याचा हा विकार मानसोपचारशास्त्रात मंत्रचळाच्या कुळात धरला जातो. माझे असे होई : मनात ताण साचे, हात कात्रीकडे जाई, कापल्यावर घटकाभर हलके वाटे आणि मागाहून लाज वाटे. ‘मुद्दाम करते’ हा घरच्यांचा समज चुकीचा होता.

ओळखावा कसा?

चाई पडली की तेथील त्वचा गुळगुळीत लागते. केस उपटले असतील तर उरलेले लहानमोठे दिसतात. कापलेल्या जागी मात्र दाढीच्या खुंटांसारखे खरखरीत लागते. भिंगाखाली केसांची टोके सरळ छाटलेली दिसतात. मुळे शाबूत असल्याने केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या गतीने पुन्हा वाढतात.

उपाय काय?

त्वचारोगतज्ज्ञांनी निदान केले आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. तेथे सवय पालटण्याची पद्धत शिकले. अझ्रिन व नन या मानसशास्त्रज्ञांनी ती १९७३ साली मांडली. ओढ केव्हा, कशामुळे येते ते वहीत लिहायचे. ओढ येताच मूठ घट्ट आवळून ती ओसरेपर्यंत धरायची. कात्री वहिनीच्या कपाटात ठेवली. सोबत उदासी किंवा चिंता असेल तर डॉक्टर औषधही देतात.

घरच्यांनी रागावू नये, शपथा घालू नयेत, मांत्रिकाकडे तर मुळीच नेऊ नये. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवावे. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो.

माझी ओढ पुरती गेलेली नाही. परीक्षा, लग्नकार्य, आजारपण आले की ती डोके वर काढते. पण आता मी ती लपवत नाही. आजी अजूनही आमच्याकडे चहाला येतात.