वाकळेवर नाव

नवरात्र जवळ आले की कोल्हापुरात घरोघर धुणे निघते. घट बसण्याआधी अंथरुणे-पांघरुणे धुवायची, ही आपली रीत. पंचगंगेच्या काठावर वाकळा वाळत पडतात. कुठे लुगड्याचा तुकडा, कुठे धोतराचा, कुठे परकराचा. बघायला मोठे छान वाटते.

पण आमच्या मनात एक प्रश्न येतो. एवढ्या वाकळा शिवल्या कुणी? एकेका वाकळेत एकेका बाईचे कितीतरी दिवस गेले. तिचे नाव मात्र कुठेच नाही. घरात म्हणतात, "ही आजीची वाकळ." आणखी एक पिढी गेली की तेही कोणी म्हणत नाही.

वाकळेलाच कोणी गोधडी म्हणतात. जुन्या कपड्यांचे थर एकावर एक ठेवून ती शिवतात. थरांच्या मध्ये हवा अडकून राहते. म्हणून अंगाची ऊब बाहेर जात नाही.

आज आपण लहान वाकळ शिवू. बारशाला न्यायला ही भेट फार चांगली. जुने सुती लुगडे घ्यावे. वापरून मऊ झालेले कापड बाळाला टोचत नाही. ते स्वच्छ धुवून कडक उन्हात वाळवावे. दोन हात लांब आणि दीड हात रुंद असे दोन तुकडे कापावे. एक खाली, एक वर. मध्ये उरलेले तुकडे सारखे पसरावे. गाठ, घडी राहू देऊ नये. मग मोठे कच्चे टाके घालावे, म्हणजे थर सरकत नाहीत. कडा आत दुमडून धावदोरा घालावा. कडेपासून फेर धरावा आणि आत आत यावे. दोन ओळींत एका बोटाचे अंतर ठेवावे. दोऱ्याची गाठ थरात लपवावी. शेवटी कच्चे टाके काढावे. उठताना सुया मोजाव्या. एकही सुई वाकळेत राहता कामा नये.

आता राहिले नाव. हाताएवढा कापडाचा तुकडा घ्यावा. साबणाच्या चिपटीने त्यावर आधी आडवी रेघ ओढावी. रेघेखाली आपले नाव लिहावे. त्याखाली साल घालावे. मग वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने साखळी टाका घालत अक्षरावरून जावे. चुकले तर उसवावे, पुन्हा घालावे. त्यात लाज कसली? तयार तुकडा वाकळेच्या कोपऱ्यात शिवावा.

आमच्या वर्गातल्या एक मावशी म्हणाल्या, "बाई, अक्षर काढायला हात वळत न्हाई."

आम्ही म्हटले, "मावशी, टाका घालायला वळतो न्हवं? मग अक्षरालाबी वळंल."

मावशी हसल्या. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. तरी पुढेही कित्येक मुली शेणगोठा आणि धाकटी भावंडे यांतच अडकल्या. त्यांच्या हातून पाटी सुटली. सुई मात्र सुटली नाही. ज्या बोटांनी बारीक धावदोरा घातला, त्या बोटांना लिहिणे परके नाही.

बंगालातही बायका जुन्या साड्यांचे थर शिवतात. तिथे त्याला कांथा म्हणतात. साडीच्या काठाचे रंगीत धागे काढून त्यावर चित्रे भरतात. एकोणिसाव्या शतकात मानदासुंदरी नावाच्या बाईने आपल्या वडिलांसाठी एक कांथा शिवला. त्यावर तिने दोऱ्याने आपले नाव लिहिले. पुढे गुरुसदय दत्त यांनी जमवलेल्या लोककलेच्या वस्तूंत तो कांथा आला. नाव होते, म्हणून आज आपण तिला ओळखतो.

आपली वाकळ कुठल्या संग्रहात जाईल न जाईल. पण तिच्यात निजलेले पोर मोठे होईल, वाचायला शिकेल. एक दिवस कोपऱ्यातली अक्षरे लावून वाचेल. त्याला कळेल, ही कुणी शिवली. तेवढ्यासाठी चार अक्षरे घालायला काय हरकत आहे?

करून पहा

१. आपले नाव आधी पाटीवर लिहा, मग कापडावर.
२. घरातली सर्वांत जुनी वाकळ कुणी शिवली, ते विचारा. तिचे नाव वहीत लिहा.
३. वाकळेत कुणाकुणाचे कपडे आहेत, त्यांची यादी करा.